डिफरन्शियल कुठल्या बाजूला? दिंडोरीच्या एका पिकअपला सॉलिड फ्रंट ॲक्सल बसवताना

द्राक्षाच्या मांडवाखाली, ठिबकच्या जुन्या नळ्यांच्या वेटोळ्याशेजारी एक ॲक्सल पडलेला होता. महिंद्राच्या एमएम 550 जीपचा पुढचा, ड्रमपासून ड्रमपर्यंत अख्खा. वर कोंबडी बसलेली. "बावीस हजाराला घेतलाय भाऊ, लिंक रोडला. तुम्ही फक्त बसवून द्या," मालक म्हणाला. मी खाली वाकून बघितलं, मग त्याच्या गाडीखाली सरपटत गेलो आणि दोन मिनिटांत बाहेर आलो. ॲक्सलचं डिफरन्शियल, म्हणजे ओढ दोन चाकांत वाटणारा गिअरचा गोळा, ड्रायव्हर साइडला; त्याला फिरवणारा गाडीचा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडे. हे प्रकरण तिथून सुरू झालं.

गाडी म्हणजे डबल कॅब फोर बाय फोर पिकअप, अडीच लिटर डिझेल, पुढे टॉर्शन बारचं (स्प्रिंगच्या जागी पिळणारी सळई) इंडिपेन्डन्ट सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं खालीवर होणारं, मागे पाटे. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे मोडलं त्याचं खापर कंपनीवर फोडायचं नाही, कारण गाडी ज्या कामासाठी बनवली होती त्याच्या बाहेर ती वापरली जात होती. शेत वाघाड धरणाच्या बाजूला, उताराचं. वर मुरूम आणि काळ्या दगडाचे टप्पे, खाली नाल्यालगत काळी माती, जी जुलैत टायरला अशी चिकटते की टायरच्या खाचा दिसेनाशा होतात. शिवाय मालकाला रविवारी मित्रांबरोबर दगडधोंड्यात गाडी घालायचा नाद. टॉर्शन बार पिळून त्यानं गाडी दोन इंच उचलली होती. बार पिळला की गाडी उचलते, पण चाकाचा एकूण प्रवास वाढत नाही. चाक आधीच खाली लोंबायला लागतं आणि पुढच्या चाकांच्या हाफ शाफ्टचे सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलं तरी ओढ पोचवणारे सांधे, कायम वाकड्या कोनात फिरतात. एका पावसाळ्यात दोन जॉइंट गेले, दुसरा तर रिव्हर्समध्ये, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना. त्या अवस्थेत रेस दिली तर कुठलाही सीव्ही जाईल.

सॉलिड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड ॲक्सल, का हवा, याचं उत्तर इथं सरळ होतं. एक चाक दगडावर चढलं की तोच ॲक्सल दुसऱ्या चाकाला खाली दाबतो, म्हणून दोन्ही जमिनीला धरून राहतात. शिवाय सस्पेन्शन कितीही दबलं तरी ॲक्सलची जमिनीपासूनची उंची टायरवर ठरते, ती बदलत नाही. तोटाही सांगितला. खड्ड्यांच्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगानं जाताना जुनं सस्पेन्शनच चांगलं होतं, आणि ते सुख आता गेलं.

आणि एक गोष्ट काम हातात घेण्याआधीच बोलून घेतली. मोटार वाहन कायदा 1988चं कलम 52 सांगतं की आरसीवर नोंदलेला तपशील उत्पादकानं दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावून सांगितलं. म्हणजे ही गाडी शेतात आणि खासगी जागेत चालेल, दुसरीकडे न्यायची तर फ्लॅटबेडवर. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न ॲक्सलचाच विचारेल. मालकाच्या वडिलांनी, आबांनी, एवढंच विचारलं: "म्हणजे रस्त्यावर न चालणारी गाडी करायला एवढे पैसे? यात ट्रॅक्टर आला असता." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मालकाकडेही नव्हतं, पण त्यानं गाडी पाठवून दिली.

उलटा टाकू या?

एमएम 550चा ॲक्सल तसा वाईट नाही. महिंद्रानं 1947पासून विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या, त्याच घराण्यातला हा. या घराण्यात ट्रान्सफर केसमधून, म्हणजे ओढ पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या पेटीतून, पुढचा शाफ्ट ड्रायव्हर साइडनं निघतो, म्हणून डिफरन्शियलही त्याच बाजूला. सातपूरला महिंद्राचा कारखाना, त्यामुळे नाशकात जीपवर हात बसलेले मिस्त्री गल्लोगल्ली. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेनं 2017मध्ये उठवला, तरी त्या पट्ट्यात माल अजून हाताला लागतो. हा ॲक्सल घेणं हे नाशिकमधल्या माणसाला सुचणारं पहिलं पाऊल, त्यात मालकाची चूक मी फारशी मानत नाही.

माझ्याच शेडमधल्या एका जुन्या मिस्त्रीनं सुचवलं, "उलटा टाकू या की. वरची बाजू खाली केली की डिफरन्शियल आपोआप क्लीनर साइडला येतं." ऐकायला झकास. कागदाचा बोळा, दोन पेन्सिली आणि एक बाटलीचं झाकण घेऊन मी त्याला टेबलावर दाखवलं. पिनियन, म्हणजे शाफ्टकडचा छोटा गिअर, फिरतंय त्याच दिशेनं, पण ते ज्याला फिरवतं ते मोठं क्राउन आता त्याच्या दुसऱ्या बाजूला गेलं. म्हणजे चाकं उलटी फिरणार. मागचा ॲक्सल गाडी पुढे ढकलतोय आणि पुढचा मागे ओढतोय. मिस्त्री झाकणाकडे बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "मग मागचा पण उलटा टाकू." तसं केलं तर गाडीला पाच रिव्हर्स आणि एक पुढचा गिअर मिळेल. वर तेलाची पातळी, ब्रीदर, कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकाव), सगळंच उलटं.

दुसरा रस्ता म्हणजे ड्रायव्हर साइडनं निघणारी ट्रान्सफर केस बसवणं. पण या गाडीत त्या बाजूला सायलेन्सरचा डाउन पाइप, आणि स्टिअरिंग बॉक्सही तिथंच येणार. एवढ्या खटाटोपात बावीस हजारांची बचत केव्हाच बुडाली असती. त्यात रुंदीचा घोळ वेगळाच.

आधी गाडी मोजली

बहुतेक जण ॲक्सल निवडताना आधी ताकद बघतात: क्राउन किती इंची, शाफ्टच्या टोकाला किती स्प्लाइन, म्हणजे दाते. मी ती गोष्ट तिसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिली बाजू, दुसरी रुंदी. ताकद कमी पडली तर शाफ्ट बदलता येतात, टाके मारून हाऊसिंग मजबूत करता येतं. बाजू चुकली तर काहीच करता येत नाही.

गाडी स्टँडवर घेऊन चेसीच्या मधोमध ओळंबा सोडला आणि जमिनीवर खडूची रेघ मारली. त्या रेघेपासून ट्रान्सफर केसच्या पुढच्या फ्लँजपर्यंतचं अंतर, चेसीची आतली-बाहेरची रुंदी, इंजिनच्या तेलाच्या चेंबरची खालची कड, सगळं मोजून ड्रॉइंगवर घातलं. रुंदीच्या बाबतीत लोक ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या टायरच्या मध्यांमधलं अंतर, मोजतात आणि फसतात. ट्रॅकमध्ये रिमचा ऑफसेट, म्हणजे रिमचं टेकायचं तोंड तिच्या मध्यापासून किती सरकलंय ते, मिसळलेला असतो. खरं माप म्हणजे रिम जिथं टेकतं त्या दोन तोंडांमधलं अंतर. या गाडीचा पुढचा ट्रॅक 1570 मिलिमीटर, रिमचा ऑफसेट अधिक 33, म्हणजे तोंडापासून तोंडापर्यंत 1570 अधिक 66, एकूण 1636.

आता विलीजच्या घराण्याचा ट्रॅक बघा: अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास इंच, म्हणजे सव्वाबाराशे मिलिमीटरच्या आसपास. पुढची चाकं मागच्यापेक्षा प्रत्येक बाजूला जवळजवळ अर्धा फूट आत गेली असती. स्पेसर घालून एवढा फरक भरणं हा खुळेपणा आहे. जिप्सीचा पुढचा ॲक्सलही याच कारणानं बाद. तो आधीपासून सॉलिड, स्वस्त, सुटे भाग कोपऱ्यावर मिळतात. पण एक टनाच्या गाडीसाठी आणि 1300च्या ट्रॅकसाठी बनलेला. दोन टनांच्या डिझेल पिकअपच्या पहिल्या गिअरचा टॉर्क त्यानं किती दिवस सोसला असता? जोंग्याचा, म्हणजे जबलपूरच्या कारखान्यात निसान पॅट्रोलवरून बनलेल्या लष्करी गाडीचा ॲक्सल देवळालीच्या ओळखीतून मिळेल असा निरोप आला. मजबूत, पण क्राउन-पिनियन आणि नकलच्या (चाक वळवणाऱ्या टोकाच्या भागाच्या) बेअरिंगसाठी दर वेळी दिल्लीच्या मायापुरीत फोन लावायचा. मला तो धंदा नको होता.

मालकाचा एक मित्र डेना 60 या अवजड ॲक्सलसाठी हटून बसला होता. पावणेदहा इंची क्राउन, दीड इंच जाडीचे 35 स्प्लाइनचे शाफ्ट, कधी मोडणारच नाही. खरंय. पण 33 इंची टायरवर त्याचं हाऊसिंग जमिनीला इतकं जवळ येतं की ज्या दगडावरून जायचं त्याच दगडावर बसतो. शिवाय ते सगळं वजन स्प्रिंगच्या खाली, चाकाबरोबर उडणारं. चाळीस इंची टायर लावणाऱ्यांनी तो घ्यावा.

उरला जीप रँग्लर जेकेचा डेना 44. 2007 ते 2018च्या रुबिकॉन मॉडेलला आला, डिफरन्शियल क्लीनर साइडला. तोंडापासून तोंडापर्यंत साडेपासष्ट इंचांच्या जवळ. आमच्या हातातला 1661 मिलिमीटर भरला, म्हणजे गाडीपेक्षा बाजूला साडेबाराच मिलिमीटर जास्त. 30 स्प्लाइनचे शाफ्ट. पिनियन उंचावर, त्यामुळे प्रॉपेलर शाफ्टचा कोन कमी आणि दगड लागायची भीतीही कमी. दोन्ही चाकं एकत्र जखडणारा इलेक्ट्रिक लॉकर आतच. भारतात विकल्या गेलेल्या सहारा मॉडेलला पुढे डेना 30 येतो, त्याचं क्राउन जेमतेम सव्वासात इंची आणि शाफ्ट 27 स्प्लाइनचे. नावाला दोन्ही 'रँग्लरचा ॲक्सल', म्हणून विकणाऱ्यानं सांगितलं तरी कव्हरचा आकार आणि टॅग बघूनच पैसे द्यावेत.

जोड घेतला

मुंबईतल्या एका आयातदाराकडे पुढच्या-मागच्या ॲक्सलचे दोन रुबिकॉन जोड होते, बिल आणि कस्टमच्या कागदांसकट. एक डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा, बराच स्वस्त. दुसरा उजव्या स्टिअरिंगचा. मालकाचा हात स्वस्तावर. इथं मी अडून बसलो.

डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत स्टिअरिंग बॉक्स डावीकडे, म्हणून त्याची ड्रॅग लिंक आडवी जाऊन उजव्या नकलला धरते, आणि तिच्या समांतर, ॲक्सलला आडवं सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड चेसीच्या डावीकडून निघून ॲक्सलच्या उजव्या बाजूला. आपल्याकडे सगळं आरशातलं. बॉक्स उजवीकडे, ड्रॅग लिंक डाव्या नकलला, पॅनहार्ड ॲक्सलच्या डाव्या बाजूला. स्वस्त जोडाच्या डाव्या नकलला ड्रॅग लिंकचं भोकच नाही. मग लोक ती दोन नकल जोडणाऱ्या टाय रॉडवर मध्येच जोडतात आणि टाय रॉड स्वतःभोवती फिरून स्टिअरिंग ढिलं वाटत राहतं. नकल वेगळी मागवायची, पॅनहार्डचा ब्रॅकेट कापून दुसऱ्या बाजूला करायचा, हा हिशोब कागदावर मांडला तेव्हा दोन जोडांतला फरक निम्म्यावर आला. उजवा घेतला.

मागचाही का? मालकाला तो खर्च वायफळ वाटत होता. पण गाडीच्या मागच्या चाकाला सहा नट, 139.7 मिलिमीटरचं पीसीडी, म्हणजे नटांच्या वर्तुळाचा व्यास; जेकेला पाच नट, 127चं. म्हणजे दोन वेगळ्या स्टेपन्या बाळगायच्या. आणि ॲक्सलचा गिअर रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे. या गाडीची ट्रान्सफर केस साधी, मध्ये डिफरन्शियल नाही, म्हणून पुढचा-मागचा रेशो एकच हवा. योगायोगानं गाडीचाही 4.10 आणि रुबिकॉनचाही 4.10. पण टायर बदलणार होते. मूळ 245/70 आर 16चा व्यास 749 मिलिमीटर, 33 इंचीचा 838. म्हणजे 4.10चा रेशो चालवायला 3.67सारखा लागणार, आणि काळ्या मातीत क्लच जळणार. मूळ ओढ परत हवी तर 4.10 गुणिले 1.118, साधारण 4.58, बाजारात मिळणारा जवळचा 4.56. पुढे 4.56 आणि मागे 4.10 ठेवला असता तर शंभर मीटरला अकरा मीटरचा फरक ट्रान्सफर केसनं सोसायचा. गाडीच्या मूळ मागच्या ॲक्सलला 4.56चं क्राउन-पिनियन मिळत नव्हतं, डेना 44ला मिळतं. म्हणून जोड. दोन्हीकडे क्राउन-पिनियन बदललं, बॅकलॅश, म्हणजे दातांमधली सैल, सहा ते दहा थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागांच्या) आत बसवला. त्या कामाला दोन दिवस गेले, त्यातला दीड दिवस शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलण्यात.

टाके मारताना

जेकेच्या ॲक्सलची दुखरी नस सगळ्यांना माहीत आहे: नळ्या बारीक आणि नकल धरणारे टोकाचे 'सी' कमजोर. उडी मारली की नळी वाकते, सी उघडतो. म्हणून बसवायच्या आधी सीवर गसेट आणि नळीवर ट्रस, म्हणजे मजबुतीच्या जाड पट्ट्या, मारायचं ठरलं. बॉल जॉइंट काढले, नाहीतर आतलं ग्रीस आणि प्लॅस्टिक भाजून निघतं. मधलं हाऊसिंग ओतीव, नळ्या त्यात दाबून प्लग वेल्ड केलेल्या. तिथं थंड लोखंडावर टाका मारला की आठवड्यानं केसासारखी चीर दिसते. गॅसनं आधी तापवलं, निकेलची कांडी वापरली आणि संध्याकाळी ग्लास वूलच्या रजईत गुंडाळून ठेवलं.

नळी सरळ आहे का ते बघायला लेथवर चार चकत्या काढून घेतल्या होत्या, दोन बेअरिंगच्या जागी आणि दोन सीमध्ये बसणाऱ्या, मधून दीड इंची ग्राउंड बार. टाके मारण्याआधी बार एका बोटानं सरकत होता. वेल्डर काकांना मी सांगितलं होतं, एका वेळी दोन इंचांपेक्षा लांब टाका नको, इकडून तिकडे उड्या मारत चला. पण जेवणानंतर त्यांनी लांब बाजूच्या ट्रसवर एक सलग सहा इंची टाका ओढला. चुकलं काका नाहीत, मी. मी चहा प्यायला गेलो होतो. सकाळी रजई काढली तर बार अडला. हातोडीनं जाईल असं वाटत होतं, पण हातोडी मारली नाही. डायल लावला: ड्रायव्हर साइडची लांब नळी दीड मिलिमीटर वर उचललेली. वेल्ड आकसलं की ते ओढून घेतंच. मग नळीच्या उलट्या बाजूला, खाली, रुपयाएवढे तीन ठिपके लाल केले, गार होऊ दिले, पुन्हा मोजलं. चौथ्या फेरीला बार परत बोटानं सरकला. काकांनी तो दहा वेळा आतबाहेर केला आणि काही बोलले नाहीत.

पाटे की कॉइल, हा वाद लांबला नाही. पुढे पाटे घालणं सोपं, पॅनहार्डची कटकट नाही. पण या चेसीच्या रुंदीवर क्लीनर साइडच्या पाट्याची बैठक नेमकी ओतीव हाऊसिंगवर येत होती. म्हणून कॉइल, आणि ॲक्सल चेसीला धरून ठेवायला खाली दोन आर्म आणि वर एकच. वरच्या आर्मची एक जागा जेकेच्या हाऊसिंगमध्ये ओतलेलीच असते, तीच वापरली. वर दोन आर्म ठेवले असते तर बुश एकमेकांशी भांडले असते.

मूळ गाडीला रॅक-पिनियन स्टिअरिंग. ते सॉलिड ॲक्सलला चालत नाही, कारण रॅक चेसीवर स्थिर आणि ॲक्सल खालीवर. भंगारातल्या एका छोट्या मालवाहू गाडीचा पॉवर स्टिअरिंग बॉक्स घेतला, चेसीच्या आतून नळीच्या बाही घालून वेल्ड केल्या, म्हणजे बोल्ट आवळताना चेसी दबत नाही. ड्रॅग लिंक आणि पॅनहार्डची लांबी आणि कोन शक्य तितका सारखा ठेवला. लांबीत 35 मिलिमीटरचा फरक राहिलाच, कारण पॅनहार्डचा ब्रॅकेट आणि डिफरन्शियल एकाच बाजूला आल्यावर जागेची मारामारी होते. तेवढ्यानं मोठा खड्डा लागला की स्टिअरिंग किंचित हलतं. मालकाला ते चालतं, मला खटकतं.

ब्रेकमध्ये मागच्या डिस्कसाठी मास्टर सिलिंडर बदलला, हँडब्रेकच्या केबल नव्या केल्या.

कॉइलशिवाय

ही पायरी गडबडीत सगळे गाळतात. कॉइल न घालता ॲक्सल जागेवर लावला आणि जॅकवर पूर्ण वर, पूर्ण खाली, मग एक बाजू वर एक खाली असा फिरवला. प्रत्येक टोकाला टॉर्च घेऊन झोपायचं आणि बघायचं काय कशाला लागतंय. पूर्ण वर गेल्यावर पॅनहार्ड आणि इंजिनच्या चेंबरमध्ये चार सूत जागा राहिली, म्हणजे अर्धा इंच. इंजिन माउंटच्या रबरावर हलतं हे धरलं तर ती जागा नाहीच. ॲक्सलला वर अडवणारा बम्प स्टॉप दीड इंच लांब केला, वरचा प्रवास तेवढा गेला. पूर्ण खाली सोडल्यावर पुढच्या प्रॉपेलर शाफ्टची स्प्लाइन फक्त वीस मिलिमीटर आत उरली होती. शाफ्ट नव्यानं लांब करून बॅलन्स करून घेतला.

कॅस्टर पाच अंशांवर ठेवायचा होता. पिनियन वर वळवलं की कॅस्टर कमी होतो, कारण दोन्ही एकाच नळीला वेल्ड केलेले. पहिल्या चाचणीत पिनियनच्या लोभापायी कॅस्टर साडेतीनवर सोडला. बांधावरच्या रस्त्यावर चाळीसला गाडीचं स्टिअरिंग हाताबाहेर थरथरलं, आरसे दिसेनात. उरलेला दीड अंश आर्मची लांबी बदलून मिळवला, शाफ्टच्या वरच्या टोकाला डबल जॉइंट घातला. थरथर गेली. साठच्या वर शाफ्टची किंचित गुणगुण राहिली. जेकेच्या हबला फ्री व्हील, म्हणजे चाक शाफ्टपासून सोडवायची सोय, नसल्यानं तो टू व्हीलमध्येही फिरतच असतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नाल्याचा काठ चढवून बघितला. मागच्या वर्षी जिथं जॉइंट गेला होता तोच टप्पा, कंबरेएवढा. ड्रायव्हर साइडचं चाक दगडावर चढलं तेव्हा क्लीनर साइडचं अजून मातीत होतं, आणि तिथूनच ढकलत होतं. लॉकर लावायची वेळ आली नाही. आबा छत्री घेऊन बांधावर उभे होते. गाडी वर आल्यावर त्यांनी चाकाला लाथ मारून बघितली आणि विचारलं, "टायरचे पण वेगळे पैसे का?"

एमएम 550चा ॲक्सल महिनाभर तसाच पडून होता. मालकानं विकायचं म्हटल्यावर सिन्नरहून एकाचा फोन आला. त्याची एमएम 540. मी विचारलं, तुमच्या गाडीखाली पुढचा शाफ्ट कुठल्या बाजूनं जातो? पलीकडून फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला, मग सरपटल्याचा, मग लांबून: "ड्रायव्हर साइड!" दुसऱ्या दिवशी छोटा टेम्पो घेऊन आला, अठरा हजार देऊन गेला. कोंबडीला हाकलून उचलावा लागला.